दोन मीटरवरची तलवार

डब्लिनजवळच्या चेरीवूडमधल्या ऑफिसांतल्या मराठी मंडळींकडे जेवायला गेलं की वाढता वाढता कुणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही इकडे काय करता?" मी सांगते, "तलवार शिकवते." वाढणारीचा चमचा हवेतच थांबतो. मग माझा नवरा अविनाश घाईघाईने म्हणतो, "म्हणजे योगासारखंच असतं ते." इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्या उद्योगाची ओळख योगा म्हणून करून देतो आणि मी त्याला अजून घरात ठेवलंय.

तर योगा नव्हे. युरोपात पाचसहाशे वर्षांपूर्वी जी तलवारबाजी खरोखर चालायची, ती. त्या काळच्या उस्तादांनी चित्रांसकट हस्तलिखितं करून ठेवली आहेत, कुणी जर्मनमध्ये, कुणी इटालियनमध्ये. आजचे हौशी लोक ती वाचतात, करून बघतात, चुकतात, भांडतात आणि परत करून बघतात. आमची तलवार दोन हातांनी धरायची असते. पोलादीच, पण बोथट. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड जाकीट आणि हातात असे हातमोजे, की नाक खाजलं तर दुसऱ्याला सांगावं लागतं.

पुण्यात मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. लेझीम, कवायत आणि लाठी. लाठी मी स्वतः कोल्हापूरच्या एका उस्तादांकडे शिकले होते. अविनाशच्या मागून आयर्लंडमध्ये किलकेनीला आले तेव्हा मला काम नव्हतं, ओळखी नव्हत्या, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाऊस होता. शेजारणीने सांगितलं, चर्चच्या हॉलमध्ये मातीकामाचा क्लास असतो, जाऊन बघ. मी वार चुकले. आत गेले तर दोन दांडगे पुरुष तलवारी घेऊन एकमेकांवर धावत होते, आणि त्यातला एक दर वेळी आधी पाय टाकत होता आणि हात मागून आणत होता. मला राहवेना. मी दारातूनच ओरडले, "हात आधी! पाय आधी टाकलास तर तुझं डोकं त्याच्या हातात दिलंस!" दोघं थांबले. थोरल्याने विचारलं, हे तुम्ही कुठल्या ग्रंथात वाचलंत? मी म्हटलं, ग्रंथात नाही, लाठी पाठीत बसली की कळतं. मातीकाम राहिलं ते राहिलंच.

पुढे तोच क्लास माझ्याकडे आला. नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारतो, जर्मन पद्धत चांगली की इटालियन? मी सांगते, माणसाला कोपरं दोन आणि गुडघे दोन, जर्मनीत, इटलीत आणि कोल्हापुरातसुद्धा. नावं वेगळी, पवित्रे वेगळे, टोप्या तर फारच वेगळ्या, पण खालची तत्त्वं तीच. त्यातलं पहिलं अंतर. समोरच्याला एक पाऊल टाकल्याशिवाय तुमच्यापर्यंत पोचता येऊ नये, इतक्या लांब उभं राहायचं. तो पाऊल टाकतो तेवढा वेळ तुमचा. ज्याला अंतर कळलं त्याला निम्मी तलवार आली, आणि ज्याला कळलं नाही त्याने कितीही सुंदर पवित्रे घेतले तरी तो मार खातो. मारणं कुणालाही जमतं. मार न खाता मारणं ही आमची विद्या. म्हणून आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी एकमेकांना मारलं तर कुणीच जिंकत नाही. दोघंही मेले असं धरतात आणि दोघांनी मिळून सगळ्या क्लासचा चहा करायचा असतो. नव्या बॅचच्या दिवसांत आम्ही फार चहा पितो.

गिऱ्हाईकं तर विचारू नका. एकाने घरी पत्र्याचं चिलखत करून आणलं. चालताना तो रुबाबदार दिसायचा, पण त्याला गाडीत बसता येईना, म्हणून तो सगळं शहर ओलांडून पायी घरी गेला आणि टूरिस्टांनी त्याचे फोटो काढले. एक जोडपं लग्नाआधी आलं, केक तलवारीने कापायचा म्हणून. मी त्यांना हात आधी, पाय मागून हे शिकवलं. केक चांगला कापला गेला असं कळलं.

आणि ओर्ला. तिच्याबद्दलच लिहायचं आहे. ओर्ला पाथरवट. किलकेनीत जुनी दगडी कामं खूप, खिडक्यांच्या महिरपी, पायऱ्या, थडगी. झिजलेला, फुटलेला दगड काढून तसाच नवा घडवून बसवायचा हा तिचा धंदा. वडिलांच्या हाताखाली शिकली, वडील गेल्यावर एकटी चालवते. चाळिशीची, रुंद खांद्यांची, शाळेत कमोगी, म्हणजे हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाचा बायकांचा प्रकार, खेळलेली. तिचा वार अडवला की माझ्या दातांपर्यंत जाणवायचा. बोलणं कमी, पण समोरचा चांगला खेळला तर "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत छान, ठीक, असं म्हणायची, आणि ते एक ग्रँड मिळावं म्हणून बाकीचे मरमर मरायचे.

२०२० च्या मार्चमध्ये हॉल बंद झाला. क्लासच्या तलवारी मी घरी आणल्या. आयर्लंडच्या दमट हवेत पोलाद कुठे ठेवायचं, तर हॉट प्रेसमध्ये. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, तिथे लोक टॉवेल सुकवतात. अविनाश त्या दिवसांत स्वयंपाकघरात बसून ऑफिसचं काम करायचा. एकदा अंघोळीला म्हणून टॉवेल ओढला आणि तलवारींचा अख्खा ढीग त्याच्या पायाशी कोसळला. त्याच्या कानातला फोन चालूच होता. "शुभा, माझ्या मॅनेजरने विचारलं, एव्हरीथिंग ओके? मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग योगा चाललाय.

क्लास स्क्रीनवर सुरू झाला. तलवार स्क्रीनवर शिकवणं म्हणजे फोनवरून पोहायला शिकवणं. समोर माणूसच नसेल तर अंतर कशाचं मोजणार? सगळे आपापल्या खोलीत हवा कापत होते. कॉनर म्हणून आमचा एक इंजिनिअर मुलगा आहे, त्याने आधी दिवा फोडला आणि मग दुसरा. ओर्ला सगळ्यांत नियमित यायची. हिवाळ्यात ती यायची थांबली. मेसेज केला तर उत्तर आलं, "बिझी." मला वाटलं, सगळेच कंटाळलेत.

वसंतात बाहेर, मोकळ्या मैदानात, थोड्या लोकांनी सराव करायला परवानगी मिळाली. अट एकच, माणसामाणसांत दोन मीटर. कॉनर टेप घेऊन आला. दोघांनी तलवारी पुढे धरल्या आणि नुसती टोकाकडची पाती एकमेकांना टेकवली, तर माणसं दोन मीटरहून लांब राहतात असं त्याने गवतात लोळून सिद्ध केलं. मग तलवारीला तलवार लागली तर तो कॉन्टॅक्ट धरायचा का, यावर क्लासमध्ये मोठं भांडण झालं. शेवटी ठरलं, पाती टेकवायची, माणसं नाही. आणि दर खेळानंतर तलवार सॅनिटायझरने पुसायची. इतकी वर्षं मी पोलादाला तेल लावत आले, आणि तेव्हा घाबरून बाटल्याच्या बाटल्या ओतल्या. आठवड्याभरात सगळ्या तलवारी तांबूस झाल्या. गंज घासताना मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

एकदा गार्डा, म्हणजे इथला पोलीस, मैदानापाशी गाडी थांबवून उतरला. समोर जाळीचे मुखवटे घातलेली, तलवारी उपसलेली माणसं. त्याने आम्हाला शांतपणे न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही सगळे याच काउंटीतले ना?" तेव्हा आपली काउंटी, म्हणजे जिल्हा, सोडून जायला बंदी होती. आम्ही हो म्हटलं. "मग ग्रँड," म्हणून तो गेला. तलवारींबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

सांगायची गोष्ट ही, की ते सगळे दिवस आम्ही एकच काम करत होतो. पातं पात्याला टेकवून उभं राहायचं आणि हातातून समोरच्याला ओळखायचं. हे त्या जुन्या उस्तादांचं आणखी एक तत्त्व, आणि शिकायला सगळ्यांत अवघड. समोरचा जोर लावतोय की सैल आहे, निघायच्या बेतात आहे की घुसायच्या, हे पात्यातून मुठीत कळतं. आणि अंतरही कळतं. तुमच्या टोकाजवळ टेकलं तर हाताला हलकं लागतं, म्हणजे माणूस लांब आहे. मुठीकडे सरकत आलं तर जड लागतं, म्हणजे तो अंगावर आलाय. एरवी लोकांना याचा कंटाळा येतो, त्यांना मारामारी हवी असते. त्या वसंतात दुसरं काही करताच येत नव्हतं.

अशाच एका दुपारी ओर्ला फाटकापाशी येऊन उभी राहिली. आत येईना. मी जवळ गेले, दोन मीटर सोडून. ती म्हणाली, "शुभा, माझा डावा डोळा गेला."

हिवाळ्यात तिला डोळ्यासमोर काळे ठिपके दिसायला लागले होते. मग कोपऱ्यात सावली. हॉस्पिटलं आधीच भरलेली, माझ्या डोळ्याचं एवढं काय, म्हणून ती गप्प बसली. डॉक्टरकडे गेली तोवर डोळ्याचा आतला पडदा पार सुटला होता. ऑपरेशन केलं, पण त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

"चहा ओतला की कपाबाहेर जातो," ती म्हणाली. "ते चालेल, मी टेबल पुसते. पण हे बघ." तिने हातमोजा काढला. डाव्या हाताचा अंगठा काळानिळा, सुजून दुप्पट झालेला, नख निघालेलं. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडा. एका डोळ्याला अंतर कळत नसल्याने हातोडा छिन्नीवर पडतच नव्हता. "एक महिरप अर्धी करून ठेवलीय. हात लावायची भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही, शुभा. तू अंतर शिकवतेस ना? मग मला परत शिकव."

मी डॉक्टर नाही. मी एवढंच म्हटलं, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार. ते नाही म्हणतील अशी मला आशा होती, हे लपवून काय उपयोग. ते हो म्हणाले. उरलेल्या डोळ्याला पूर्ण संरक्षण हवं आणि डोक्याला मार लागता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. घरी अविनाश म्हणाला, "अगं, तिच्या दुसऱ्या डोळ्याला काही झालं तर? कुठल्या तोंडाने जाशील तिच्यासमोर?" मी त्याच्यावर चिडले, कारण माझ्या मनातही तेच होतं.

पहिला दिवस वाईट गेला. मी ठरवून टाकलं होतं, मी तिच्या मुखवट्यावर वार करायचा नाही, ती कुठेही करू शकते. ती वार करायची आणि तलवार माझ्यापासून वीतभर अलीकडून जायची. मग बिचकून ती इतकी पुढे यायची की मलाच उडी मारून मागे सरावं लागायचं. तिची नजर सारखी माझ्या तलवारीच्या टोकावर. नवखे लोक हेच करतात. टोक सगळ्यांत जास्त हलतं, म्हणून डोळा तिकडे पळतो. मी ओरडत राहिले, "टोकाकडे नको, माझ्या छातीकडे बघ! टोकाचं तुझा हात बघून घेईल!" चौथ्यापाचव्यांदा हुकल्यावर तिने तलवार गवतात फेकली आणि पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तिला जवळ घ्यावं, तर ते दोन मीटर. मला त्या नियमाचा तेवढा राग कधी आला नव्हता.

थोड्या वेळाने मी तिची तलवार उचलली, पात्याला धरून लांबूनच मूठ तिच्यापुढे केली आणि म्हटलं, "आता दोन्ही डोळे मीट." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी माझं पातं तिच्या पात्याला टेकवलं. "सांग, मी कुठे आहे?"

"लांब," ती म्हणाली. बरोबर होतं. मी पातं न सोडता हळूच पाऊल टाकलं. "आता जवळ आलीस." मी बाजूला सरकले. "उजवीकडे गेलीस." मी जोर काढून घेतला, आणि मला काही कळायच्या आत तिचं टोक माझ्या पोटावर होतं. डोळे मिटलेलेच. कॉनर टाळ्या वाजवायला लागला. मी आणखी कितीतरी वेळा फसवायचा प्रयत्न केला. ती फसली नाही. तिच्या हाताला अंतर कळत होतं, ते कुठे गेलंच नव्हतं. हे बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की जमेल.

उन्हाळ्यात सरावापुरती दोन मीटरची अट सैल झाली, आणि ती येत राहिली. पात्याला पातं टेकून सुरू होणारा खेळ तिला पुन्हा यायला लागला. पण तलवारी सुटल्या की ती घाबरायची, आणि डावीकडे जवळजवळ आंधळीच होती. मी तिच्याशी उजवीकडूनच खेळायचे. बाकीच्यांनाही तसं सांगून ठेवलं होतं. तिला कळणार नाही असं मला वाटलं, यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्या. एक दिवस तिने खेळ मध्येच थांबवला. मुखवटा वर केला. चेहरा लालबुंद.

"तू मला एकाच बाजूने मारतेस. सगळेच मारतात. दगड मला असं सांभाळून घेणार आहे का?"

मी म्हटलं, "डावीकडून आले तर तुला दिसणार नाही."

"मग न दिसता काय करायचं ते शिकव! तुझ्या त्या म्हाताऱ्यांनी काहीतरी लिहिलं असेल की!"

लिहिलं होतंच. मीच शिकवायला घाबरत होते. आमच्या विद्येत सगळीकडे नजर ठेवायची नसतेच, दोन डोळ्यांच्या माणसालाही ते जमत नाही. तलवार अशी धरायची की एक बाजू तिने आपोआप बंद होते. तिकडून वार आलाच तर तो आधी पोलादावर येतो. मग राहते एकच बाजू, आणि नजर तिकडेच ठेवायची. घराचं मागचं दार लावून घेतलं की पुढच्याच दारावर लक्ष ठेवावं लागतं, तसं. मी तिला डावीकडचा पवित्रा दिला. मूठ डाव्या कमरेजवळ, पातं वर तिरकं. "हे लावलेलं दार. याला बघायचं नाही. आहे असं धरून चालायचं."

मग मी मागे गेले आणि तलवार खांद्यावर उचलली. डोकं सोडून, खांद्यावर, पण खरा वार. तिच्या आंधळ्या बाजूने. नाही लागला तर तिला विश्वास बसेल. लागला तर ती परत कधी येणार नाही, आणि ती महिरप तशीच अर्धी राहील.

मी वार केला. पोलादावर पोलाद आदळल्याचा आवाज झाला, आणि आवाज विरायच्या आत माझ्या मुखवट्यावर असा दणका बसला की मला कानात घंटा ऐकू आल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो, ते मला त्या क्षणी कळलं. मी हसत सुटले. हसता हसता खाली बसले. कॉनर धावत आला, त्याला वाटलं मला लागलं. ओर्ला माझ्यासमोर उभी होती आणि विचारत होती, "शुभा, ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "ग्रँड." त्या दिवशी तो शब्द मी तिला आधी दिला.

तरीही मला धास्ती होतीच. तलवार वेगळी आणि छिन्नी वेगळी. मैदानावरचं शहाणपण दगडावर चालेल याची खात्री मी तिला दिली नव्हती, देणं शक्यही नव्हतं. ती सप्टेंबरात क्लासला दोनदा आली नाही, आणि माझ्या मनात नको नको ते आलं. मग तिचा फोन आला, "यार्डात ये."

नदीच्या पलीकडे तिचं दगड घडवायचं पत्र्याचं छप्पर आहे. मी गेले तेव्हा ती पाठमोरी उभी होती, डोळ्यांवर जाड चष्मा. समोर तीच महिरप, आता बरीच पुढे गेलेली, पानांची एक वेल दगडातून वर येत होती. हातोडा पडत होता, एका लयीत, न थांबता. दर फटक्याला मी अंग चोरत होते. ती मागे न बघता म्हणाली, "तू सारखी ओरडायचीस, टोकाकडे बघू नको. एक दिवस इथे उभी राहिले आणि लक्षात आलं, डोळा गेल्यापासून मी छिन्नीच्या डोक्याकडे बघतेय. आधी कधीच बघत नव्हते. डॅडीसुद्धा नाही. बघायचं ते धारेकडे, दगड कुठे सुटतोय तिथे."

मी जवळ गेले. आता जवळ जायला परवानगी होती. वाकून तिचा हात बघायला लागले.

"काय शोधतेस?" तिने विचारलं.

"तुझा अंगठा."

"मी नाही बघत त्याच्याकडे," ओर्ला म्हणाली, आणि तिने हातोडा मारला.